साडूंच्या सीवीड पावडरीबद्दल

नमस्कार दादा,

प्रतिक्रिया रोखठोक आहे, आवडली. बाकीच्यांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. समुद्री शेवाळ मधुमेहात कसं उपयोगी पडू शकेल हे मी लिहिलं आणि शेवटी 'डॉक्टरांना विचारून घ्या' म्हणत पाय मागे घेतला. तासगावात द्राक्षबागांवर सीवीडचा, म्हणजे याच शेवाळाचा, अर्क बिनधास्त मारतात, मग माणसाच्या बाबतीतच एवढा बाऊ कशाला? विट्याच्या तुमच्या साडूंची साखर पावडरीने २१० वरून १४० वर आली. आणि नैसर्गिक गोष्टीला साइड इफेक्ट नसतो.

द्राक्षाचं आधी मिटवू. तो अर्क वेलीच्या वाढीसाठी मारतात, आपल्या रक्तातल्या साखरेशी त्याचा काडीचा संबंध नाही.

साइड इफेक्टचं मात्र नीट बघू. तपकिरी शेवाळात फ्लोरोटॅनिन नावाची संयुगं असतात. प्रयोगशाळेत ती अल्फा-अमायलेज आणि अल्फा-ग्लुकोसिडेज या एन्झाइमांना अडवतात. बशीभर भडंग खाल्लं की त्यातल्या स्टार्चची साखर हीच एन्झाइमं करतात. ती अडली की साखर रक्तात एकदम न चढता सावकाश येते. आता व्होग्लिबोजची गोळी घ्या, आपल्याकडे बऱ्याच जणांना चालू असते. तिचंही काम अल्फा-ग्लुकोसिडेज अडवणं हेच. तिने पोट फुगतं, गॅस होतो, कारण न पचलेल्या स्टार्चवर मोठ्या आतड्यातले जिवाणू ताव मारतात. सोबत ग्लिमेपिराइड ही साखर उतरवणारी गोळी किंवा इन्सुलिन असेल आणि साखर उतरून दरदरून घाम फुटला, तर कंदी पेढा तोंडात टाकून भागत नाही. साध्या साखरेचे तुकडे करणारं एन्झाइमच अडलेलं असतं, तिथे ग्लुकोज पावडरच लागते. म्हणजे साडूंची पावडर खरंच गुण देत असेल, तर तिच्याकडेही याच नजरेने बघायला हवं. गुण औषधाचा आणि हिशोब भाजीचा, हे जमत नाही.

दुसरं आयोडीन. मोठ्या माणसाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम पुरतं, आणि आपल्या मिठात ते आधीच घातलेलं असतं. केल्प जातीच्या शेवाळात ग्रॅमभरात याच्या कितीतरी पट असू शकतं. ते रोज पोटात गेलं तर थायरॉइड बिघडू शकतो.

शेवाळाची थट्टा मला करायची नाही. कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्यिकी संशोधन संस्थेने टाइप २ मधुमेहासाठी शेवाळापासून उत्पादन तयार केलंय, विषय किरकोळ असता तर मी हात घातला नसता. पण पुष्कळसं काम अजून परीक्षानळीत आणि उंदरांवर झालेलं आहे. माणसांवरच्या चाचण्या लहान, आणि त्यांचे निकालही एकसारखे नाहीत.

राहिले साडूंचे आकडे. २१० उपाशीपोटीचे की जेवणानंतरचे? पावडर आली त्याच सुमारास चहातली साखर, रात्रीचा भात सुटला का? (बहुतेक वेळा सुटतो, आणि श्रेय डब्याला मिळतं.) एचबीएवनसी ही रक्ततपासणी केली तर मागच्या दोन-तीन महिन्यांचा अंदाज येतो, दोन सुट्या आकड्यांवरून काही ठरत नाही.

तेव्हा साडूंना विचारा, थायरॉइडची गोळी चालू आहे का आणि डब्यावर आयोडीनचं प्रमाण छापलंय का. छापलं नसेल तर डबा बाजूला ठेवायला सांगा आणि पुढच्या रक्ततपासणीत टीएसएच ही थायरॉइडची तपासणीही करून घ्या. पावडरीच्या भरवशावर मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी बंद केली असेल, तर मात्र तपासणीपर्यंत थांबू नका, आजच त्यांच्या डॉक्टरांना फोन लावून द्या.