वॉरंटीत आहे ना, मग घाई कसली?

बाबांच्या पंच्याहत्तरीला तुम्ही जुनी गाणी भरलेला तो छोटा प्लेअर घेतला असेल आणि आठव्या महिन्यात तो 'वि' म्हणून थांबत असेल, 'ठ्ठल' टपली मारल्यावर म्हणत असेल, तर अभिनंदन. वॉरंटी वर्षाची आहे. पुढचे चार महिने दुसरा विरंगुळा शोधायला नको.

आधी बिल काढा. ते हरवत नाही, फक्त कोरं होतं. त्या गुळगुळीत कागदावर शाई नसतेच, उष्णतेनं अक्षरं उमटवलेली असतात. उन्हाळा सरला की तीही सरतात. प्लास्टिकच्या पाकिटात जपून ठेवलं असेल तर आणखी लवकर. व्यवस्थितपणाची शिक्षा इतकी हातोहात क्वचितच मिळते. खोकंही लागेल. माळ्यावर पाहा, मिक्सरच्या खोक्यात, टीव्हीच्या थर्माकोलखाली.

आता सर्व्हिस सेंटर. तिसरा मजला, लिफ्ट बंद. काउंटरवर बटण दाबलंत की तुमचा प्लेअर अख्खा अभंग शेवटच्या टाळापर्यंत बिनचूक म्हणेल. "चालतोय की, काका." काका म्हटल्याचं मनाला लावून घेऊ नका. मात्र बाबांना बरोबर नेऊ नका. आमच्या बाबांनी तिथेच मांडीवर ठेका धरला आणि "छान लागलाय हो" अशी साक्ष दिली. केस तिथेच बुडाली.

दुसऱ्या खेपेला मोबाइलवर व्हिडिओ काढून न्या. मग ते मागचं झाकण उघडून आतला टिकलीएवढा स्टिकर दाखवतील. तो पांढरा असतो, पाणी लागलं की लाल होतो. तुमचा लाल आहे. "लिक्विड डॅमेज. वॉरंटीत बसत नाही." पुण्यात जुलैत चपलांनासुद्धा बुरशी येते, हे सांगून पाहा. "सीनियरना विचारतो" म्हणतील. वाट पाहताना कार्डाची मागची बाजू वाचा: बॅटरीला सहा महिने, वायरला काहीच नाही, डब्याला वर्ष. म्हणजे जे बिघडत नाही त्याची पूर्ण हमी.

इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांच्या तपकीर गल्लीत नेलात तर एखादा पोरगा सुटलेला जोड डाग देऊन दहा मिनिटांत मोकळा करेल, चहापाण्याच्या पैशात. असला मोह टाळा. सील तुटलं की वॉरंटी गेली, आणि वॉरंटी गेल्यावर उरलं काय, नुसती गाणी?

मग सीनियर मानले की पार्ट दिल्लीहून निघतो. तो निघालेलाच असतो. मध्येच एका सकाळी मेसेज येतो की तुमची तक्रार समाधानकारकरीत्या सोडवली आहे, आणि पाठोपाठ गोड आवाजात फोन: "सर, तेवढा ओटीपी सांगा ना, आणि पाच स्टार द्या हां." द्या. मुलीचं टार्गेट असतं, प्लेअर काय, आज ना उद्या येईलच.

१९१५ वर मात्र चुकूनही फोन करू नका. ती राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. त्याही पुढे, २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकील लागत नाही. १९७४ मध्ये ग्राहक पंचायत निघाली तीही याच पुण्यात, पण ते लोक वेगळे, त्यांना दुपारची झोप नसावी. मी नाइलाजानं १९१५ लावला आणि पस्तावलो. तिसऱ्याच दिवशी कंपनीतून फोन आला, चार महिने जुळलेला घरोबा दोन मिनिटांत तुटला.

प्लेअर बदलून मिळाला. नवा, म्हणजे कुणाचा तरी जुना, पुसून दिलेला. वॉरंटी मात्र पहिल्याच तारखेपासून धरतात. आमची नऊ दिवसांची शिल्लक आहे. बाबांनी संध्याकाळी लावला. 'विठ्ठल' सलग आलं. त्यांनी डोळे न उघडताच सांगितलं, "खोकं टाकू नकोस रे."