गजबजाटात उभं करून कुत्र्याची भीती जात नाही

‘आवाजाला घाबरणारा कुत्रा सात दिवसांत धीट करा’ ही पोस्ट बरेच दिवस ग्रुपांवर फिरतेय. मी दुर्लक्ष केलं होतं. मग ती मावशीकडे पोचली आणि तिने ती अक्षरशः अमलात आणली. पूर्वी तिचा कुत्रा फक्त ट्रकच्या ब्रेकच्या फुसकाऱ्याला दचकायचा. आता नुसता पट्टा हातात घेतला तरी पलंगाखाली शिरतो.

पोस्ट थोडक्यात अशी: कुत्र्याला सगळ्यात गोंगाटाच्या रस्त्यावर न्या आणि शांत होईपर्यंत तिथून हलू नका. घाबरला तर जवळ घेऊ नका, भीती वाढते. खाऊ देऊ नका, ती लाच आहे. मागे वळला तर पट्ट्याला झटका द्या. घरी मोबाइलवर फटाक्यांचे आवाज मोठ्याने लावा. तरीही जमलं नाही तर अर्धी झोपेची गोळी. आणि स्वतः शांत राहा.

यातला पहिला मुद्दा सगळ्यात घातक. ‘भीतीला सामोरं गेलं की भीती मरते’ हे ऐकायला छान वाटतं. माणसांवरच्या उपचारांत असा प्रकार आहेही, पण तिथे माणसाला काय चाललंय हे माहीत असतं, त्याची संमती असते आणि ‘आता पुरे’ म्हणायची सोय असते. कुत्र्याकडे यातलं काहीच नाही. त्याला एवढंच कळतं की समोरून भयंकर काहीतरी येतंय, पळायची वाट पट्ट्याने बंद केलीय आणि पट्ट्याचं दुसरं टोक आपल्याच माणसाच्या हातात आहे.

‘पण तो थोड्या वेळाने शांत झाला ना!’ हे मावशीचंही म्हणणं होतं. तो शांत झाला म्हणजे नक्की काय झालं? शेपूट पोटाखाली, कान मागे चिकटलेले, डोळ्यांचा पांढरा भाग दिसतोय, अंग ताठ आणि पाय जमिनीला खिळलेले. याला शांत होणं म्हणत नाहीत, हात टेकणं म्हणतात. मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर या मानसशास्त्रज्ञांनी 1967 मध्ये कुत्र्यांवर एक क्रूर प्रयोग केला. टाळताच न येणारे विजेचे झटके सोसलेल्या कुत्र्यांना नंतर ओलांडता येण्याजोगा अडथळा पार करून सुटायची संधी दिली, तर त्यातल्या बहुतेकांनी प्रयत्नच केला नाही. ते पडून झटके खात राहिले. बाहेरून बघणाऱ्याला ते ‘शांत’च वाटले असते.

मग करायचं काय? लांब जायचं, बस. कुत्र्याने आवाज ऐकला, कान वळवले, तरी तुमच्या हातातला तुकडा नेहमीसारखा खाल्ला, तर अंतर बरोबर आहे. तुकडा नाकाशी धरूनही त्याने तोंड फिरवलं, किंवा एरवी अलगद घेणारा कुत्रा बोटांसकट हिसकावायला लागला, तर तुम्ही फार जवळ आहात. निमूट मागे वळा. अंतर हळूहळू कमी करायचं, तेही कुत्र्याच्या गतीने. सात दिवसांत होईल की सात महिने लागतील, हे पोस्ट लिहिणारा ठरवू शकत नाही.

इथेच तो ‘लाच’वाला मुद्दा निकालात निघतो. लाच काम करून घेण्यासाठी देतात. इथे कुत्र्याने काहीच करायचं नसतं. आवाज झाला की लगेच काहीतरी चविष्ट मिळतं, एवढंच त्याच्या डोक्यात बसवायचं असतं. क्रम मात्र पाळा: आधी आवाज, मग तुकडा. उलटं केलंत, तर तुकडा दिसला की आता काहीतरी वाजणार, असा धसका तो घेऊ शकतो. बर्न विद्यापीठाच्या स्टेफनी रीमर यांनी 1,225 कुत्रामालकांची पाहणी करून 2020 मध्ये निष्कर्ष छापले. विषय फटाक्यांच्या भीतीचा होता. आवाजानंतर खाऊ किंवा खेळ देण्याचा उपाय करणाऱ्यांपैकी सुमारे 70 टक्के मालकांनी फायदा झाल्याचं सांगितलं. कुत्र्याला अंग सैल सोडून निवांत पडायला शिकवण्याचा उपायही जवळपास तितकाच लागू पडला. फुलांचे अर्क, होमिओपॅथी, जडीबुटी यांचा आकडा मात्र साधारण तिशीच्या आसपास घुटमळला. ही मालकांनी स्वतः सांगितलेली माहिती आहे, मोजमाप नव्हे, हे मान्य. पण ‘खाऊ दिल्याने कुत्रा बिघडतो’ म्हणणाऱ्यांकडे तेवढाही आधार नाही.

जवळ घेण्याचंही तसंच. भीती ही भावना आहे, कुत्र्याने मुद्दाम केलेली करामत नाही. पाठीवर हात ठेवल्याने ‘वा, घाबरलं की लाड होतात, अजून घाबरूया’ असा हिशेब तो करत नाही. तो अंगाशी आला तर येऊ द्या. सुटायला बघत असेल तर मात्र मिठीत दाबून धरू नका.

पट्ट्याचा झटका म्हणजे आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला. आवाजाची भीती होतीच, त्यात मानेचं दुखणं जोडलं. शिवाय घाबरलेला कुत्रा जोरात मागे रेटतो, गळपट्टा डोक्यावरून निसटतो आणि तो थेट वाहनांमध्ये धावतो. छातीवरून आणि पाठीवरून नीट बसणारा हार्नेस वापरा, तो रिकाम्या जागी मागे ओढून निघतो का ते आधी तपासा, आणि पट्टा सैल ठेवा.

रेकॉर्डिंगची कल्पना मुळात चुकीची नाही. वरच्याच पाहणीत जवळपास 55 टक्के मालकांना तिचा उपयोग झाला. चुकीचा आहे तो ‘मोठ्याने’ हा शब्द. कुत्रा जेमतेम कान टवकारेल इतक्या बारीक आवाजापासून सुरुवात करायची असते. आणि मोबाइलच्या चिमुकल्या स्पीकरमधून गडगडाटातला खालच्या पट्टीचा घुमारा येतच नाही, तेव्हा घरी ऐकून घेतलं म्हणजे बाहेरही चालेल असं धरून चालू नका.

झोपेच्या गोळीबद्दल काय बोलावं! माणसाचं औषध अंदाजाने कुत्र्याला देणं म्हणजे जिवाशी खेळ आहे. एसप्रोमेझिनसारखं गुंगीचं औषध तर प्राण्यांचंच, पण ते एकटं दिलं तर अंग लुळं पडतं आणि भीती तशीच राहते. खरोखर भीती कमी करणारी औषधं आहेत. डेक्समेडेटोमिडीनच्या, गाल आणि हिरडीच्या मध्ये लावायच्या जेलला अमेरिकेत खास आवाजाच्या भीतीसाठी 2015 मध्ये मान्यता मिळाली. पण काय, किती आणि कधी हे पशुवैद्याने ठरवायचं. भीती फार असेल तर हा शेवटचा उपाय म्हणून बाजूलाही ठेवू नका. औषधाने जरा सुसह्य झाल्यावरच कुत्रा काही शिकू शकतो, असं पुष्कळदा होतं.

‘स्वतः शांत राहा’ हे बरोबर आहे, नाइलाजाने मान्य करते. फक्त तुमच्या शांतपणाने ट्रकचा आवाज कमी होत नाही.

आणि जे पोस्टमध्ये कुठेच नाही ते: मोठ्या वयात अचानक आवाजाची भीती सुरू झाली, तर आधी दुखणं शोधा. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात हाडा-स्नायूंचं दुखणं असलेल्या कुत्र्यांमध्ये ही भीती इतरांपेक्षा सरासरी चारेक वर्षं उशिरा सुरू झाल्याचं दिसलं. दचकल्यावर स्नायू आखडतात, आधीच दुखणारा सांधा आणखी कळ मारतो आणि कुत्रा त्या कळेचा संबंध आवाजाशी लावतो, असा संशोधकांचा कयास होता. मावशीचा कुत्रा नऊ वर्षांचा आहे आणि जिना चढताना मधेच थांबतो. त्याला तपासायला न्यायचं आहे, बाकीचं नंतर.