ब्रेक वाजतात म्हणून डिस्कवर तेल मारू नका

'ब्रेक कर्कश वाजत असतील तर चाकाच्या फटीतून डिस्कवर गंज सोडवणारा स्प्रे किंवा थोडं तेल मारा, आवाज गायब' असा मेसेज सध्या फिरतोय. आवाज जातो हे खरंच. पण तो जातो कारण घर्षण जातं, आणि गाडी थांबते ती त्याच घर्षणावर! तेल पॅडमध्ये, म्हणजे चाकासोबत फिरणाऱ्या डिस्कला चिमटीत धरून थांबवणाऱ्या तुकड्यांमध्ये मुरतं, पुसून निघत नाही. एकाच बाजूला मुरलं तर ब्रेक दाबताच गाडी दुसऱ्या बाजूला ओढते. कुणी मारलंच असेल तर ब्रेक क्लीनरने डिस्क धुवून दोन्ही बाजूंचे पॅड बदलावे लागतील.

मग वाजतं काय? पावसाळ्यात सकाळी पहिल्या दोन-चार ब्रेकपुरतं वाजून थांबलं तर तो डिस्कवरचा वरवरचा गंज. काही करू नका. रोज वाजत असेल तर पॅड बघा. बऱ्याच पॅडवर पोलादाची छोटी पट्टी असते. पॅड साधारण २-३ मिमी उरला की ती डिस्कला घासून मुद्दाम किंचाळते. म्हणजे तुम्ही बंद करू पाहताय तो इशाराच असू शकतो. पॅड जाड असूनही वाजत असेल तर कॅलिपरच्या (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या) पिना सुकल्या किंवा अडकल्या आहेत का, पॅडमागची शिम (पातळ पट्टी) जागेवर आहे का, हे मेकॅनिककडून तपासून घ्या. ब्रेकचं खास ग्रीस लागतं ते पिनांना आणि पॅडच्या पाठीला. घासणाऱ्या बाजूला कधीच नाही.

खरखर ऐकू येत असेल तर मात्र धातूवर धातू घासत असण्याची शक्यता आहे. गाडी चालवू नका.