मुंबईला समुद्र आहे ना, मग कसलं प्रदूषण?

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर परत तो मेसेज आलाय, तुमच्याकडेही आला असेलच. सार असं की मुंबईला तिन्ही बाजूंनी पाणी, वारा सगळी घाण उडवून नेतो, ॲपवर हवेच्या निर्देशांकाचा (AQI) आकडा १०० च्या आत म्हणजे हवा मस्त, जे थोडंफार आहे ते दिवाळीच्या फटाक्यांचं, आपल्याला सवय आहे, उगाच बांधकामांच्या मागे लागून विकास अडवू नका. एकेक घेतो.

आधी वारा. शाळेत भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे शिकलोय ना आपण? दिवसा वारा समुद्राकडून जमिनीकडे, रात्री जमिनीकडून समुद्राकडे. म्हणजे रात्री बाहेर गेलेली घाण दुसऱ्या दिवशी खाऱ्या वाऱ्याबरोबर परत येऊ शकते, समुद्र काही ती गिळून टाकत नाही. त्यात थंडीत खारा वारा उशिरा सुटतो आणि जोरही कमी, शिवाय जमिनीलगत गार हवा आणि वर उबदार थर, पातेल्यावर झाकण ठेवल्यासारखं, मग धूळ-धूर खालीच कोंडतो. २०२२-२३ च्या हिवाळ्यात वारा मंदावला तेव्हा मुंबईची हवा कित्येक दिवस 'खराब' गटात होती आणि काही दिवस तर दिल्लीपेक्षाही वाईट. समुद्र तेव्हाही जागेवरच होता.

आता ॲपचा आकडा. हे नीट वाचा कारण इथेच बहुतेक लोक फसतात. आपल्याकडे पीएम २.५ (केसाच्या जाडीच्या वीस-पंचवीस पट बारीक कण, थेट फुफ्फुसाच्या तळाशी जाणारे) २४ तासांच्या सरासरीत घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम असले तरी निर्देशांक १०० च्या आत बसतो आणि त्याला 'समाधानकारक' म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची मर्यादा आहे १५. चौपट! अहो आपला हिरवागार 'चांगला' गटसुद्धा ३० पर्यंत जातो, तोही दुप्पट. आणि हे फक्त पुस्तकी आकडे नाहीत, मुंबई-पुण्यासकट देशातल्या १० शहरांचा अभ्यास २०२४ मध्ये आला, त्यात या १५ च्या वरच्या प्रदूषणामुळे वर्षाला साधारण ३३,००० मृत्यू होतात असा हिशोब निघाला.

फटाके? हो, त्या तीन-चार दिवसांत हवेची वाट लागतेच, मी पण लहान मुलांना तेच सांगतो. पण देवनारच्या कचऱ्याला मोठी आग लागली ती जानेवारी २०१६ मध्ये, तेव्हा कुठली दिवाळी? गोवंडी-चेंबूरकडच्या लोकांना विचारा. आणि पावाच्या भट्ट्या तर रोज पेटतात, म्हणूनच हायकोर्टाने जानेवारी २०२५ मध्ये लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत गॅससारख्या इंधनावर जायला सांगितलं.

बांधकाम बंद करा असं सरसकट कोणी म्हणत नाहीये. ऑक्टोबर २०२३ मध्ये महापालिकेने नियम काढले ते काय होते, तर साइटभोवती उंच पत्रे लावा, मोठ्या साइटला ३५ फूट, इमारतीला हिरवं कापड, पाणी मारा, डंपर झाका, टायर धुऊन बाहेर सोडा. कोटीच्या फ्लॅटमध्ये एवढा खर्च बसत नाही का? आमच्यासमोर रिडेव्हलपमेंट चालू आहे, रात्री दोनला डेब्रिजचे डंपर ताडपत्रीशिवाय निघतात आणि सकाळी गॅलरीत बोट फिरवलं की रांगोळी काढता येईल एवढी धूळ. आम्ही निदान खिडकी तरी लावून घेतो, तिथेच पत्र्याच्या खोलीत राहणाऱ्या मजुरांची पोरं काय लावणार.

राहिली सवय. फुफ्फुसांना कसली सवय हो? कॅलिफोर्नियात वर्षानुवर्षं शाळकरी मुलांची फुफ्फुसं तपासली, हवा सुधारत गेली तशी नंतरच्या मुलांच्या फुफ्फुसांची वाढ जास्त चांगली झाली, हे २०१५ मध्ये छापून आलंय. म्हणजे आधीच्या मुलांना सवय वगैरे झाली नव्हती, त्यांची वाढच कमी झाली होती.

मेसेज टाकणारे काका परवा लिफ्टमध्ये भेटले. तीन आठवडे खोकतायत. म्हणाले, काही नाही रे, वेदर चेंज.