तीन तास झोपलो म्हणून मिरवणारे आम्ही भावी डॉक्टर

फर्स्ट इयरला फिजिओलॉजीच्या प्रॅक्टिकलमध्ये एकमेकांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा, काढायला लावला होता. माझी उंची १७० सेंटिमीटर, वजन ६२ किलो, म्हणजे साडेएकवीसच्या आसपास, एकदम नॉर्मल. सगळे खिदळत काट्यावर चढत होते, जर्नलमध्ये आकडा लिहिला आणि विषय संपला.

फायनल इयरला वॉर्डात एका काकांचं वजन घ्यायचं होतं. काटा नीट चालतोय का बघू म्हणून आधी मीच उभा राहिलो तर ७६. म्हटलं काटा बिघडलाय. मग काका चढले आणि उतरता उतरता म्हणाले, "डॉक्टर, काटा ठीक आहे, माझं घरच्याएवढंच आलं." आता यावर काय बोलणार? तरी त्यांना मी पाच मिनिटं ऐकवलंच, चालत जा, रात्री उशिरा खाऊ नका वगैरे. ते मान डोलवत होते आणि बघत होते माझ्या पोटाकडे, एप्रनचं खालचं बटण लागत नाही ना आता.

२६.३ आला माझा बीएमआय. २५ च्या वर ओव्हरवेट, आणि आशियाई लोकांमध्ये तर २३ पासूनच डायबिटीस-बीपीची रिस्क वाढायला लागते, हे मी स्वतः पेपरात लिहून मार्क घेतलेत.

लोक म्हणतात तुम्हाला सगळं माहितीय, मग तोंडावर कंट्रोल का नाही? मला वाटतं गडबड तोंडाची नाहीच, झोपेची आहे. परीक्षेच्या सकाळी आमच्यात विचारतात, किती झोपलास? तीन तास. मी दोन. तिसरा म्हणतो मी झोपलोच नाही, आणि सगळे त्याच्याकडे आदराने बघतात. आठ तास झोपलेला पोरगा चोरी केल्यासारखा गप्प बसतो. २००४ च्या एका प्रयोगात धडधाकट तरुणांना फक्त दोन रात्री चार-चार तास झोपू दिलं, तर दहा तास झोपल्यावरच्या तुलनेत पोट भरल्याचा निरोप देणारं लेप्टिन १८ टक्के कमी आणि भूक लावणारं घ्रेलिन २८ टक्के जास्त निघालं. दोनच रात्री! आम्ही तर वर्षानुवर्षं हेच करतोय. आणि गंमत म्हणजे लेप्टिन-घ्रेलिन मी व्हायवासाठी, म्हणजे तोंडी परीक्षेसाठी, पाठ केलं ते रात्री अडीच वाजता, बिस्किटांचा आख्खा पुडा संपवत, आणि वर कॉफी, जिचा अर्धा कॅफिन शरीरातून जायलाच पाचेक तास लागतात, म्हणजे पहाटे झोपायचं म्हटलं तरी झोप येणार नाही याची पण सोय.

व्यायामाचं तर बोलायलाच नको. आठवड्याला किमान १५० मिनिटं, हे पेशंटला सांगायचं. राऊंडला तीन तास खांबासारखं उभं राहणं त्यात धरत नाहीत, मी विचारून बघितलंय.

पण मला जास्त खटकतं ते वेगळंच. माझा रूममेट परीक्षा जवळ आली की जेवायचंच विसरतो, ताट तसंच झाकून ठेवलेलं असतं. त्याचा बीएमआय १७, म्हणजे १८.५ च्या पण खाली, आणि अख्खी बॅच त्याला म्हणते लकी आहेस यार, काही खाल्लं तरी अंगाला लागत नाही. अरे तो खातच नाहीये! माझ्या पोटावर रोज जोक होतात, त्याची साधी चौकशी कुणी करत नाही, आणि हे सगळे उद्या पेशंट तपासणार. मी पण त्यातलाच, ते ताट मला तिसऱ्या परीक्षेला दिसलं.

डाएट प्लॅन वगैरे माझ्याकडून झेपणार नाही. गेले दोन आठवडे साडेअकराला लाईट बंद करतोय, जेवायला जाताना रूममेटलाही ओढून नेतो. पहिल्या दिवशी त्याने माझ्या कपाळाला हात लावून ताप आहे का बघितलं. रात्रीची बिस्किटं आपोआप बंद झालीत. वजन ७५.४, ते पाण्याचंही असेल, सोमवारी व्हायवा आहे, तेव्हा कळेल मी कितपत टिकतोय.