वार्षिक आरोग्य तपासणीच्या नावाखाली

साठी उलटलेल्या माणसाने वर्षातून एकदा तपासणी करून घ्यावी, हा सल्ला योग्यच आहे. माझा संताप आहे तो या सल्ल्याच्या आडून सांगली-मिरजेत मांडलेल्या पॅकेजच्या बाजारावर. अमुक रुपयांत साठ तपासण्या, थोडे जास्त मोजले तर नव्वद आणि वर नाश्ता मोफत, असे फलक जागोजागी दिसतात. माणसाकडे नीट पाहण्याची तसदी मात्र कोणी घेत नाही.

माझ्या वडिलांचे वय एकाहत्तर आहे आणि त्यांना मधुमेह आहे. यंदा त्यांना अशाच एका ठिकाणी सकाळी सातला उपाशीपोटी बोलावले आणि रक्त घेईपर्यंत साडेनऊ वाजवले. मधुमेहाच्या काही गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्या माणसाची साखर उपाशी राहिल्याने धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते, त्यामुळे अशा रुग्णांना रांगेत पुढे घ्यावे, हे सांगायला नातेवाईक कशाला लागतात? विनंती केली तर टोकन दाखवायला सांगितले. मागच्या साधारण तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देणाऱ्या एचबीएवनसी चाचणीसाठी तर उपाशी राहावेच लागत नाही.

पुढे रक्तदाब. जिना चढून आलेल्या माणसाला धाप लागलेली असताना, उभ्यानेच पट्टा बांधून, नाव-पत्ता विचारत रक्तदाब मोजला आणि फुगलेला आकडा फाइलमध्ये लिहून टाकला. रुग्णाला आधी पाच मिनिटे शांत बसवायचे, पाठीला आधार द्यायचा, पाय जमिनीवर टेकवायचे, दंड हृदयाच्या पातळीवर ठेवायचा आणि त्या वेळी बोलायचे नाही, हे या कामाचे अगदी प्राथमिक नियम आहेत. चुकीच्या आकड्यावर उद्या कोणी गोळी वाढवली आणि म्हातारा माणूस चक्कर येऊन पडला, तर जबाबदार कोण?

पॅकेजमध्ये सीईए नावाची चाचणी होती. ती मुख्यतः निदान झालेल्या कर्करोगावर लक्ष ठेवण्यासाठी असते; लक्षणे नसलेल्या माणसात कर्करोग शोधण्यासाठी तिची शिफारस केली जात नाही, कारण तिचा आकडा धूम्रपानानेही वाढतो आणि कर्करोग असूनही कधी कधी वाढत नाही. ही चाचणी केली. पण वर्षानुवर्षे तंबाखू खाणाऱ्या माणसाला साधे तोंड उघडायला सांगितले नाही. मधुमेह असूनही पायांची संवेदना पाहिली नाही, डोळ्यांच्या पडद्याची तपासणी सुचवली नाही, मूत्रपिंडाची इजा लवकर दाखवणारी लघवीतील अल्ब्युमिन या प्रथिनाची तपासणी यादीतच नव्हती. या तपासण्यांना विशेष खर्च येत नाही. त्यांच्यासाठी रुग्णाला वेळ द्यावा लागतो, आणि तोच यांना द्यायचा नाही.

रिपोर्ट आला तो इंग्रजीत आणि मोबाइलवर. काही आकडे ठळक छापलेले होते. त्यांचा अर्थ न कळल्यामुळे वडिलांची झोप उडाली. ज्याकडे खरोखर लक्ष द्यायला हवे होते, तो आकडा मात्र साध्या अक्षरांत होता. मूत्रपिंडे रक्तातून गाळून टाकतात तो टाकाऊ पदार्थ, म्हणजे क्रिएटिनीन, गेल्या वर्षी ०.९ होते, ते यंदा १.२ झाले आहे. दोन्ही आकडे छापील मर्यादेत बसतात. पण या वयात एका वर्षात एवढी वाढ झाली, तर मूत्रपिंडाची गाळण्याची क्षमता बरीच उतरली असण्याची शक्यता असते आणि ताबडतोब फेरतपासणी करावी लागते. हे आमच्या घरच्या डॉक्टरांनी जुना कागद शेजारी ठेवून सांगितले. ज्यांनी पैसे घेतले त्यांच्या संगणकात दोन्ही वर्षांचे रिपोर्ट आहेत, तरीही तिथल्या डॉक्टरांनी उभ्या उभ्या ‘सगळे नॉर्मल आहे’ असे सांगून आम्हाला वाटेला लावले.

जत, कवठेमहांकाळकडची वयस्क माणसे पहाटेची एसटी धरून, मजुरी बुडवून मिरजेला येतात आणि असाच न समजणारा कागद घेऊन परत जातात. तिशीपुढील प्रत्येकाचा रक्तदाब, साखर आणि तोंडाची तपासणी, तसेच स्त्रियांच्या स्तनांची व गर्भाशयमुखाची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रांत मोफत व्हावी, असा राष्ट्रीय कार्यक्रम आहे. तो गावोगाव ओरडून सांगायला हवा. आणि पॅकेज विकणाऱ्यांनी रुग्णाला समोर बसवून, मागचा रिपोर्ट उघडून, पंधरा मिनिटे मराठीत समजावून सांगितलेच पाहिजे. मी हे मागितले, तेव्हा काउंटरवरून उत्तर मिळाले की त्याची फी वेगळी पडेल. मग आधी घेतलेले पैसे कशाचे होते, हे मला लेखी हवे आहे.