खुलासा: माशांच्या टाकीत सायकल होईपर्यंत पाणी बदलू नका?

‘नव्या टाकीत महिनाभर पाणी बदलू नका, बॅक्टेरिया निघून जातात’ हा फिरणारा सल्ला टाकीत मासे असतील तर जीवघेणा आहे. हे बॅक्टेरिया माशांच्या घाणीतून येणारा विषारी अमोनिया आधी नायट्राइटमध्ये (तोही विषारी) आणि मग कमी घातक नायट्रेटमध्ये बदलतात; ते टाकीत पुरेसे वाढणं म्हणजेच ‘सायकल’ होणं. ते पाण्यात तरंगत नाहीत. फिल्टरच्या स्पंजला, खड्यांना, काचेला चिकटून वाढतात. बादलीभर पाणी काढल्याने जातो तो अमोनिया.

टेस्ट किटने रोज अमोनिया आणि नायट्राइट तपासा. दोन्हींची बेरीज ०.५ पीपीएमच्या (लिटरला मिलिग्रॅम) वर गेली की त्याच दिवशी अर्धं पाणी बदला: १ चं ०.५ होतं. नवं पाणी त्याच तापमानाचं हवं, अँटीक्लोरीन (नळाच्या पाण्यातलं क्लोरीन घालवणारं औषध) घातलेलं. पीएच ७ वरून ८ झाला तर अमोनियाचा विषारी भाग जवळपास दहापट होतो, म्हणून पीएच जास्त असलेल्या बोअरच्या पाण्यात जास्त जपा.

मासे पृष्ठभागाशी तोंड उघडून धापा टाकताना दिसले, कल्ले लालभडक असले, तर टेस्टची वाट पाहू नका, लगेच पाणी बदला.

खाणं दिवसाआड, चिमूटभर. सायकल खरी बिघडते ती स्पंज नळाखाली धुतल्याने. क्लोरीन बॅक्टेरिया मारतं. स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळा. साधारण ४ ते ६ आठवड्यांनी अमोनिया, नायट्राइट दोन्ही सलग शून्य येतात.